एक घाव, सात हत्यारं

आमच्या मागल्या पडवीत आज लाकूड फोडायची सात हत्यारं आहेत आणि फोडलेली लाकडं अकरा. हा हिशोब बायकोचा. माझ्या हिशोबाने लाकडं बारा भरतात, पण त्यातलं एक उन्हाने आपोआप फुटलं असं तिचं म्हणणं आहे, आणि ते फुटलं तेव्हा मी घरात झोपलो होतो हे मला नाकारता येत नाही.

याची सुरुवात झाली 3 जून 2020 रोजी. त्या दिवशी 'निसर्ग' वादळ किनाऱ्यावर चढलं. आम्ही दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. मार्चमध्ये चार दिवसांसाठी म्हणून आलो होतो, तेवढ्यात टाळेबंदी लागली आणि चार दिवसांचे कपडे धुऊन धुऊन वापरत तिसरा महिना चालू होता. वादळाने कौलं उडवली, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या केल्या, विजेचे खांब वाकवले आणि जाता जाता आमच्या परसातला पणजोबांच्या वेळचा रायवळ आंबा गोठ्यावर झोपवला. गोठा रिकामा होता, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. वीज गेली ती महिनाभर आली नाही. न्हाणीघरातला गिझर नुसता भिंतीची शोभा वाढवत राहिला.

कटरवाला पंधरा दिवसांनी उगवला. त्याने घुर्रऽऽ करत आंब्याचे दीड-दीड फुटांचे ओंडके केले, पैसे मोजून घेतले आणि "आता फोडणारा बघा कोणी" म्हणून निघून गेला. फोडणारा कुठून आणायचा? गावातला प्रत्येक धडधाकट गडी कुणाच्या ना कुणाच्या छपरावर कौलं शाकारत होता.

"त्यात काय आहे? मीच फोडतो," मी म्हणालो.

बायकोने हातातली पळी खाली ठेवली. मागे एकदा मी 'त्यात काय आहे' म्हणून स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडला होता. तो आम्ही शेवटी पिशवीतून मेकॅनिककडे नेला.

घरात कुऱ्हाड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाण्याने झकास आंघोळ केली, घावन-चटणी हाणली, पंचा कमरेला घट्ट गुंडाळला आणि सर्वांत मोठा ओंडका उभा करून त्याच्या बरोबर मधोमध घाव घातला. घाव बसला. म्हणजे असा बसला की उठेचना. मी दांडा हलवला, ओढला, ओंडक्यावर पाय देऊन ओढला. मग कुऱ्हाडीसकट ओंडका उचलून आपटायचा प्रयत्न केला, त्यात आपटलो मी. चौतीस वर्षं बँकेत अडकलेले चेक सोडवले, पण इतकी चिवट केस माझ्या टेबलावर कधी आली नव्हती.

शेजारचे तात्या गडग्यापलीकडून बघत होते. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, माझं त्रेसष्ट, त्यामुळे मी त्यांना अजून बाळच.

"बाळ, ती तोडायची कुऱ्हाड आहे. फोडायची नाही."

"म्हणजे?"

"तोडायची पातळ असते. धारदार. आडवी चालवायची, झाड पाडायला. फोडायला जाड पोटाची लागते. तिला धार नसली तरी चालते. लाकडाच्या रेषेत शिरायचं नि दोन्ही बाजूंना ढकलायचं."

'तोडफोड' हा आयुष्यभर मी एकच शब्द समजत होतो. त्यात दोन वेगळे धंदे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आणि एकदा कळल्यावर चुकीच्या हत्याराने काम करणं मनाला पटेना. खरं सांगायचं तर योग्य हत्यार मिळेपर्यंत काम थांबवायला मिळतं, हा विचार त्या दुखऱ्या कमरेला फार पटला.

तेव्हापासून आमच्या खळ्यात रोज संध्याकाळी सभा भरू लागली. टाळेबंदीत माणसांना जायला जागा नव्हती आणि आमच्याकडे बसायला ओंडके होते. सगळे तोंडाला रुमाल बांधून, सहा सहा फुटांवर, एकेका ओंडक्यावर बसायचे आणि ते ओंडके कशाने फोडावेत यावर बोलायचे. पोस्टातून रिटायर झालेले अण्णा पहारीच्या पक्षाचे. तात्या कुऱ्हाडीचे. वरच्या वाडीतले एक गुरुजी करवतीचे, कारण त्यांच्या मते हिंसा कमी. मुद्दे इतके बिनतोड असायचे की दिवेलागणीपर्यंत एकही निकाल लागायचा नाही. फोडायचं लाकूड अंगाखाली घेऊन बसलेल्या त्या मंडळींपैकी एकानेही कधी "आण रे, मी बघतो" म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही, पण मी यजमान होतो.

मधल्या काळात कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला. त्यावर उपाय म्हणून तात्यांनी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात घालून ठेवायला सांगितली. लाकूड फुगतं आणि पातं आवळून बसतं. बसलंही. सकाळी हलवून पाहिलं तर वेल्डिंग केल्यासारखं घट्ट. पण त्या दिवशी पावसाने उघडीप दिली, कडक ऊन पडलं, आणि दांड्याने पिऊन घेतलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडून गेलं. मी कुऱ्हाड डोक्यावर नेली. खाली आणली तेव्हा हातात नुसता दांडा होता. पातं माझ्या पाठीमागून, तुळशीवृंदावनावरून एक सुंदर कमान काढून विहिरीत गेलं. डुबुक.

लाकूडतोड्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलेली असते. पण काठावर उभं राहून वाट बघायची पाळी किती जणांवर आली असेल? मी चांगला पाच मिनिटं वाट पाहिली. देव काही वर आला नाही. मग तात्यांच्या नातवाने गळ आणला. दोराला बांधलेला चार आकड्यांचा गळ तो पाण्यात सोडून चाचपत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "लागलं काका!"

वर आली पितळेची कळशी. चेपलेली, शेवाळलेली, पण पितळेची.

"ही तुमची?" त्याने विचारलं.

"नाही रे, माझी कुऱ्हाड," मी गोष्टीला जागून म्हणालो.

"नाही काय म्हणतोस मेल्या!" काकू पडवीतून कडाडली. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, पण पितळेचा आवाज तिला अंगणापलीकडून ओळखू येतो. "तुझ्या मुंजीत पडली ती! माझ्यावर आळ आला होता, हरवली म्हणून!"

दुसऱ्या खेपेला आली एक स्टीलची बादली. ती बघून तात्यांचा चेहरा बदलला. ही बादली त्यांची. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे नेलेली. आम्ही ती परत केल्याचं सांगितलं होतं, त्यावरून दोन्ही घरांचं दोन गणपती बोलणं बंद होतं. बादलीच्या बुडावर त्यांच्या सौभाग्यवतींचं नाव कोरलेलं होतं, त्यामुळे युक्तिवादाला वाव राहिला नाही. तिसऱ्या खेपेला माझं लोखंडी पातं आलं. मी ते प्रामाणिकपणे ओळखलं. कळशी काकूने ठेवून घेतली, बादली तात्यांनी नेली. गोष्टीतल्या लाकूडतोड्याला तिन्ही मिळतात. पण त्याला काकू आणि शेजारी होते असं कुठे लिहिलेलं नाही.

मग मी लोहाराकडे गेलो. हा माणूस ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून कुऱ्हाडी करतो, आणि इतक्या दिवसांत मला हत्याराबद्दल काही सांगण्याआधी प्रश्न विचारणारा तो पहिलाच.

"लाकूड कुठलं भाऊ?"

"आंबा. रायवळ."

"कधी पडला?"

"वादळात."

त्याने भात्याचं हँडल फिरवायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होता, पण धंद्याची वेळ होती. "करून देतो," एवढंच म्हणाला. त्याने पाटा तापवला, ठोकला, जाड पोट काढलं, पाणी दिलं. निळसर काळी, वजनदार, अशी देखणी कुऱ्हाड झाली की मी ती घरी आणून दोन दिवस नुसती बघत होतो. वर त्याने सांगितलं, "मधे मारू नका. कडेला मारा. लाकूड वाळताना चीर पडते, तिच्यात मारा. आणि गाठ दिसली की तो ओंडका सोडून द्या."

आमच्या ओंडक्यांत गाठ नसलेला ओंडका मला आजतागायत सापडलेला नाही. पणजोबांचा आंबा पणजोबांसारखाच निघाला. जिथे बघावं तिथे गाठी आणि जुनी फाटाफूट. तरी नव्या कुऱ्हाडीने पहिल्या दिवशी तीन लाकडं निघाली. चौथ्याला दांडा मोडला. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणतात. आमचा दांडा गोताला तर सोडाच, त्या एका आंब्यालाही काही करू शकला नाही.

अण्णा इतके दिवस संधीची वाट बघत होते. "आता पाचर घे. पाचर नि घण," ते म्हणाले. पाचर हे खरंच हुशार हत्यार आहे. तिला फक्त चिरेत उभी करायची, वरून घण घालायचा, बाकी काम ती करते. माझ्या बाबतीत पहिली पाचर लाकडात पूर्ण बुडाली आणि लाकूड फुटलं नाही. तिला काढायला दुसरी पाचर आणली. तीही बुडाली. आता माझ्याकडे दोन पाचरी पोटात घेतलेला एक ओंडका होता, आणि त्याची किंमत बाकीच्या सगळ्या ओंडक्यांपेक्षा जास्त होती.

गुरुजींनी त्या संध्याकाळी पंचतंत्र काढलं. 'मित्रभेदा'तली अगदी पहिली गोष्ट: सुतार अर्धवट चिरलेल्या लाकडात पाचर ठोकून जेवायला जातो, माकड येऊन त्या लाकडावर बसतं, पाचर उपटतं आणि चिरेत सापडून मरतं. "मूळ संस्कृतात ती पाचर खैराची होती असं स्पष्ट लिहिलंय," गुरुजी म्हणाले. यावर अण्णांनी 'बघा, लोखंडाची नव्हे' अशी मान हलवली, जणू दोन हजार वर्षांपूर्वीच त्यांच्या बाजूने निकाल लागला होता. मुलांच्या पुस्तकात त्या माकडाचं शेपूट अडकतं. मूळ संस्कृतात अडकतं ते शेपूट नव्हे. गुरुजींनी ते माझ्या कानात सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी पाचरीजवळ पंचा नेसून गेलेलो नाही.

पुढे वीज आली, फोन लागू लागले, तेव्हा नॉर्वेतल्या पुतण्याशी बोललो. तो इंजिनियर आहे, त्यामुळे साध्या प्रश्नाला साधं उत्तर देत नाही.

"काका, तुम्हाला मॉल लागेल."

"अरे, मॉल सगळे बंद आहेत."

"तो मॉल नाही! एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला हातोडा. तीन-चार किलोचा. इकडे घराघरात असतो."

मग त्याने मला त्यामागचं शास्त्र सांगितलं. हत्याराचं वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. म्हणून उगाच जड हत्यार घेण्यापेक्षा वेग महत्त्वाचा. हे ऐकून मला फार बरं वाटलं, मग लगेच वाईट वाटलं. वजन विकत मिळतं. वेग माझ्याकडे 1985 च्या सुमारास शेवटचा होता.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तिने मात्र माझी जुनी खंत गेली. नॉर्वेच्या सरकारी टीव्हीने फेब्रुवारी 2013 मध्ये सलग बारा तास सरपणावर कार्यक्रम दाखवला होता. आधी चार तास लाकूड कसं तोडावं, फोडावं, रचावं याच्या गप्पा, आणि मग रात्रभर नुसती शेकोटी जळताना. लोकांनी तो बघितला तर बघितला, वर तक्रारींचे मेसेज पाठवले: काहींच्या मते लाकडं रचताना साल वर हवी होती, काहींच्या मते खाली. मी हे सभेत सांगितलं. क्षणभर शांतता पसरली. मग तात्या म्हणाले, "अर्थात वर." अण्णा म्हणाले, "डोकं फिरलंय? खाली." त्यांचे बारा तास होते, आमचं जूनपासून चालू होतं.

मॉल मागवला. कुरियर गावात येत नसे, म्हणून दापोलीला जाऊन आणला. पिवळा दांडा, लाल डोकं, मोठ्या माणसाचं खेळणं. पहिला घाव ओंडक्याला चाटून गेला आणि जमिनीत वीतभर शिरला. ते भोक पाहून काकूने तिथे अळू लावलं. त्याच दुकानाने मग मोबाइलवर मला गाजराच्या आकाराचा एक स्क्रू दाखवला, ड्रिलला लावून लाकडात घुसवायचा, म्हणजे लाकूड आपोआप चिरत जातं. तोही मागवला. तो ओंडक्यात दोन इंच घुसला आणि अडकला. मग ड्रिलने ओंडका सोडला आणि मला फिरवलं. उजवा कोपर त्यानंतर तीन आठवडे ताटातला घास तोंडापर्यंत नेत नव्हता.

बायको आयोडेक्स चोळताना शांत होती. मग म्हणाली, "अहो, एक विचारू? अडतीस वर्षं मी एक विळी नि एक सुरी यांवर या घरचा स्वयंपाक केला. सुरण कापला, फणस कापला, नारळ फोडले. तिसरं हत्यार कधी मागितलं?"

"स्वयंपाक वेगळा. यात रेषा बघाव्या लागतात, वजन, दांड्याचा तोल..."

"हो ना," ती म्हणाली, आणि जरा जोरात चोळलं.

अशी दिवाळी आली. तोवर माझी अकरा (बारा) लाकडं झाली होती. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान माझ्या लाकडांवर तापलेल्या पाण्यानेच व्हायचं, अशी मी घोषणा केली. पहाटे चारला उठलो. न्हाणीतल्या चुलाणात दोन उत्तम फोडी रचल्या, साल वर. तात्यांचा मान राखला. पेटवल्या. त्यांतून आधी सूंऽऽ असा आवाज आला, मग टोकांना फेस आला, मग पाणी गळू लागलं आणि मग इतका धूर झाला की नरकासुरही उठून बाहेर गेला असता. खोकत खोकत काकू आली. तिने फडक्याने माझ्या दोन्ही फोडी उचलून अंगणात टाकल्या, कोपऱ्यातून चार सोडणं आणि एक वाळलेली चुडती चुलाणात सारली आणि काडी लावली. पंधरा मिनिटांत हंडा वाजू लागला.

"नारळाची सोडणं?" मी विचारलं.

"मग? रोज कशावर तापतंय पाणी? जूनपासून रोज गरम पाण्याने न्हातोस, कधी विचारलंस?"

मी खरोखरच विचारलं नव्हतं. हत्याराच्या विचारात होतो.

"आणि मी फोडली ती लाकडं?"

"ओली आहेत रे ती. आंब्याला दोन उन्हाळे लागतात. पोरा, वादळात पडलेलं झाड त्याच वर्षी कोणी जाळतं का?"

"मग तू इतके महिने काही बोलली का नाहीस?"

"तुझा वेळ जात नव्हता ना," काकू म्हणाली, आणि तिने उटण्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.

लोहार भात्याशी थांबून काय बोलणार होता ते मला तेव्हा कळलं.

दोन उन्हाळे कधीच उलटले. लाकडं आता खडखडीत वाळली आहेत, आणि इतकी कठीण झाली आहेत की कुऱ्हाड लागली तर ठण्ण आवाज येतो. मधल्या एका शिमग्याला गावची पोरं रात्री होळीसाठी लाकडं चोरत हिंडत होती. मी मुद्दाम सगळे ओंडके फाटकाजवळ लोटून, दिवा मालवून, खिडकीआड बसलो. पोरं आली. त्यांनी एक ओंडका उचलून पाहिला, आपसांत काही बोलली आणि गेली. सकाळी पाहिलं तर ओंडके जागच्या जागी होते. लोहाराच्या कुऱ्हाडीला घातलेला नवा दांडा तेवढा नेला होता.

तेव्हा कळवण्यास आनंद होतो की आमच्याकडे खालील वस्तू चांगल्या स्थितीत आहेत: कुऱ्हाडी दोन (एक तोडायची, एक फोडायची, दोन्ही बिनदांड्याच्या), घण एक, पहार एक, करवत एक, मॉल एक, ड्रिलचा स्क्रू एक. पाचरी दोन आहेत, पण त्या ओंडक्यात असल्यामुळे मोजलेल्या नाहीत. ज्यांना गरज असेल त्यांनी दुपारी चारनंतर यावं, चहा मिळेल. हत्यारं फुकट न्यावीत. अट एकच, सोबत निदान एक ओंडका न्यावा. तो कशाने फोडावा हे सांगायला तात्या आणि अण्णा खळ्यात असतातच.